तळपटचा चौथा अल्बम

रविवारी सकाळपासून वाघ ओरडत होता आणि कुणालाच भीती वाटत नव्हती.

"पुन्हा घेऊ," गिटार वाजवणारा औषधवाला म्हणाला. हे तो एकविसाव्यांदा म्हणत होता, आणि गिऱ्हाइकाला हवी ती गोळी संपली आहे हे सांगताना दुकानात जो चेहरा करायचा, तोच करून म्हणत होता.

वाघाने हेडफोन सारखे केले, डोळे मिटले, जगावरचा होता नव्हता तो सगळा राग पोटात गोळा केला आणि तोंड उघडलं. बाहेर जे आलं ते ऐकून वाटावं, की रक्ताळलेल्या आभाळाखाली हा मनुष्य एकटा उभा आहे ही गोष्ट तो संबंधितांना कळवतो आहे, आणि झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे.

"बरं आलं का?" वाघाने विचारलं.

"नम्र आलं," औषधवाला म्हणाला.

वाघ हे नाव त्याला बाविसाव्या वर्षी बँडनेच ठेवलं होतं. बँडचं नाव 'तळपट'. चौघे जण, मेटलकोअर वाजवणारे. म्हणजे गिटार करवतीसारख्या चालणार, ड्रम दरड कोसळल्यासारखे पडणार, मध्येच सगळं थबकून एकेक घाव सावकाश आणि जड बसणार, आणि पुढे उभा असलेला गायक गाणार नाही, तर गुरकावणार. 'तुमचा मुलगा काय करतो' या प्रश्नावर वाघाची आई वर्षानुवर्षं 'संगीतात आहे' एवढंच सांगत आली होती. बँडचं नाव कुणी विचारलं की तिला आतल्या खोलीत काहीतरी काम आठवायचं.

पहिला अल्बम 'मस्तकशूळ' गाजला होता. त्यातल्या वाघाच्या एका गुरकावण्याने भाड्याच्या हॉलची काच तडकली होती. ती ड्रममुळे तडकली असं ड्रम वाजवणाऱ्या फरशीवाल्याचं आजही म्हणणं आहे, पण ते जाऊ दे. दुसरा 'हाडवैर' बरा गेला. तिसऱ्याच्या वेळी चौघांनाही एकदम शहाणपण सुचलं. त्याचं नाव 'सावली', कव्हरवर तळं, आणि आत बासरी. 'लिफ्टमध्ये लावायला बरा आहे,' असं एका जुन्या चाहत्याने लिहिलं. हे सर्वांत जास्त लागलं ते बेस वाजवणाऱ्याला, कारण पोटापाण्यासाठी तो लिफ्टच दुरुस्त करायचा. "लिफ्टमध्ये माणसं आधीच घाबरलेली असतात," तो म्हणाला, "त्यांना आणखी कशाला त्रास."

कंपनीच्या माणसाने आता शेवटची संधी दिली होती. बुधवारी संध्याकाळपर्यंत चौथा अल्बम हातात हवा, आणि त्यात पहिल्यासारखा दम हवा. नसेल तर पाचव्याचा विचार तुम्ही करू नका, आम्हीही करणार नाही. गिटार आणि ड्रम फरशीवाल्याच्या गोदामात कधीच रेकॉर्ड करून झाले होते, आणि ते उत्तम झाले होते. राहिला होता फक्त आवाज, आणि आवाजच हरवला होता.

तो कुठे हरवला हे सगळ्यांना ठाऊक होतं. आठ वर्षांपूर्वी वाघ फ्रिज बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात लागला. दिवसभर फोनवर लोक त्याच्यावर गुरकावायचे आणि हा मधाचं बोट लावल्यासारखं बोलायचा. 'आपला संताप मी समजू शकतो.' पहिले काही महिने तो घरी येऊन उशीत तोंड खुपसून ओरडायचा. मग त्याची गरज वाटेनाशी झाली. मग ओरडताच येईनासं झालं. तळपट बंद पडलं तर हाताशी उरणार होता तो फक्त तक्रार विभाग, या विचाराने वाघ रात्री दचकून उठायचा. पण तेही बिचारा आवाज न करता.

आवाज रेकॉर्ड करायला शांतता लागते, आणि गावातली सर्वांत शांत जागा वाघाच्या बायकोकडे होती. ती कान तपासायची. तिच्या दवाखान्यात एक आवाजबंद केबिन होती, दोन माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसतील एवढी. भिंतींना जाड फोम, एका बाजूला काचेची खिडकी, आणि तिजोरीला शोभेल असं दार. पेशंटने आत बसायचं, आवाज ऐकू आला की बोट वर करायचं. बायको बाहेर खिडकीपाशी बसून मशीन चालवणार.

रविवारची किल्ली देताना तिने बजावलं होतं. "खुर्ची हलवायची नाही. खाणंपिणं आत न्यायचं नाही. आणि दाराची आतली मूठ ओढायची नाही. ती खिळखिळी झालीये, गुरुवारी माणूस येतोय. दार बाहेरून दुसऱ्याने लावायचं, बाहेरूनच उघडायचं. तसं लिहून लावलंय दारावर."

"वाचलं," वाघ म्हणाला.

वाचलं होतंच. पण केबिनमध्ये कागद डकवावा अशी सपाट जागा दाराची तेवढीच होती, आणि नजरेच्या उंचीवर बायकोची सूचना होती. वाघाने त्या सूचनेवरच गाण्याच्या ओळींचा कागद चिकटवला.

रविवार फुकट गेला. म्हणून सोमवारी त्याने अर्धी रजा टाकली आणि दवाखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत, एक ते तीन, पुन्हा तोच खटाटोप मांडला. बायको कुरियरच्या ऑफिसात गेली होती. एका पेशंटचं कानाचं मशीन येऊन पडलं होतं, ते आणायला. औषधवाल्याने माइक लावला, रेकॉर्डिंग चालू केलं, तेवढ्यात समोरच्या दुकानातून त्याला हाक आली. कुणाचंतरी प्रिस्क्रिप्शन डॉक्टरशिवाय फक्त त्यालाच वाचता येण्याजोगं होतं.

"दोन मिनिटांत आलो," तो म्हणाला. "दार उघडंच ठेवतो. तू तोवर घसा मोकळा कर."

वाघाने मोबाइल बाहेरच्या टेबलावर ठेवला, कोपऱ्याकडे तोंड केलं, डोळे मिटले आणि कुणाचातरी राग येतो का ते पाहू लागला.

ज्यांचं मशीन आलं होतं त्या पेशंट म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका. सगळा गाव त्यांना नुसतं बाई म्हणायचा. त्यांना तीनची वेळ दिली होती, आणि त्या उभ्या आयुष्यात कुठेही वेळेवर गेल्या नव्हत्या, नेहमी आधीच गेल्या होत्या. त्या दीडलाच आल्या. बाहेर कुणी नाही, केबिनचं दार उघडं. तीनदा तपासणी झाल्यामुळे पद्धत त्यांना पाठ होती. त्या आत गेल्या, खुर्चीत बसल्या, पर्स मांडीवर घेतली. आणि उघडं दार त्यांना वर्गातही कधी खपलं नव्हतं, म्हणून हात लांब करून त्यांनी ते मुठीला धरून जोरात ओढून घेतलं.

हवा एकदम बंद झाल्यासारखी वाटली म्हणून वाघाने डोळे उघडले. वळून पाहतो तर पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या एक बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या आणि दाराची मूठ त्याच्यापुढे धरत होत्या.

"हे तुमचं निघालं," त्या म्हणाल्या. "काम कच्चं आहे."

वाघाने मूठ घेतली. जिथून ती निघाली होती तिथे आता बोट जाईल एवढं भोक होतं. त्याने बोट घालून पाहिलं. दार ढिम्म हललं नाही. खिडकीबाहेर रिकामी खुर्ची, आणि टेबलावर त्याचा मोबाइल.

बाईंनी हात गुडघ्यांवर ठेवले आणि उजव्या हाताची तर्जनी तयार ठेवली. हा मदतनीस नवीन दिसतोय एवढंच त्यांच्या मनात आलं. "करा सुरू," त्या म्हणाल्या.

"नमस्कार," वाघ म्हणाला. "आपली गैरसोय होतेय त्याबद्दल मी दिलगीर आहे. त्याचं काय झालंय, दार अडकलंय."

बाईंचं बोट जागचं हललं नाही. "सुरू केलंत की सांगा."

"दार अडकलंय."

"काय?"

"दार," वाघाने दाराकडे बोट दाखवलं, "अडकलंय."

"ओठ हलताना दिसतायत. आवाज कुठाय?" बाईंनी त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि त्या 'तुम्ही'वरून 'तू'वर आल्या. "असं पुटपुटायला तुला शिकवलं कोणी? मान वर कर. खांदे खाली. हं, बोल."

"दार अडकलंय."

"काय?"

"दार अडकलंय."

"घशातून ओढतोयस. घसा जाईल. पोटातून काढ." बाईंनी स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवला. "मैदानात आठशे मुलं आणि माइक कायमचा बिघडलेला, अशी एकतीस वर्षं काढलीयेत मी. एकदाही घसा बसला नाही. बोल."

वाघाच्या डोक्यात काहीतरी हललं. पोटातून. हे त्याला एके काळी येत होतं, कुणी न शिकवता येत होतं. त्याने पाय फाकवले, श्वास खोल, बेंबीच्या खाली नेला आणि सोडला.

"दार अडकलंय."

बाईंची तर्जनी गुडघ्यावरून किंचित उचलली गेली. "काहीतरी आलं," त्या म्हणाल्या. "लांबून आलं. काय?"

ते उचललेलं बोट पाहून वाघाला जे वाटलं, ते आठ वर्षांत वाटलं नव्हतं. तक्रार विभागात फोन संपला की एक ते पाचमधला आकडा दाबायला सांगतात. त्यात पाच मिळाले तरी असं वाटत नाही.

पुढच्या वेळी फोमने झाकलेली भिंत थरथरली. गाण्याचा कागद सुटून खाली आला आणि मागची बायकोची सूचना उघडी पडली. 'दाराची मूठ आतून ओढू नये.' वाघाने ती वाचली, आणि आठव्यांदा जे बाहेर पडलं ते 'मस्तकशूळ'मधलं होतं. खडीचा ट्रक उलटावा तसं.

बाईंची दोन्ही हातांची दोन्ही बोटं वर झाली.

"दार अडकलंय होय," त्या म्हणाल्या. "एवढं साधं, मग आधीच नाही का सांगायचं? बस खाली. कुठे असतोस तू?"

"तक्रार विभागात."

"काय?"

औषधवाला वीस मिनिटांनी परत आला. खिडकीतून पाहतो तर आत बाई बोट वर करून बसलेल्या, आणि वाघ त्यांच्यापुढे जमिनीवर उकिडवा, मानेच्या शिरा फुगलेल्या. केबिनमधून बाहेर ओ की ठो ऐकू येत नव्हतं. त्याने टेबलावरचे हेडफोन कानाला लावले आणि लगेच काढले. मग आवाजाची पातळी कमी करून पुन्हा लावले.

"आठ वर्षं मी लोकांचं ऐकतोय," हेडफोनमधून वाघ गुरकावत होता.

"आणि तुझं कोण ऐकतं?" बाईंचा खणखणीत आवाज.

"कुणी नाही."

"काय?"

"कुणी नाही."

औषधवाल्याने खुर्ची हलकेच ओढली. दाराकडे एकदा पाहिलं, लॅपटॉपकडे एकदा पाहिलं. दार कुठे पळून जात नव्हतं.

बायको कुरियरमधून आली तेव्हा तो खुर्चीत डोळे पुसत बसला होता. तिने आधी खिडकीतून पाहिलं, मग दाराची बाहेरची मूठ फिरवली. ती गोलगोल फिरली आणि दार जागच्या जागी राहिलं.

"किती वेळ झालाय?" तिने विचारलं.

"वहिनी, एक मिनिट. आत्ता शेवटचं कडवं चालू आहे."

"त्या बाई सत्तर वर्षांच्या आहेत."

"उत्तम साथ देतायत."

वहिनीने त्याच्याशी बोलणं सोडून बेस वाजवणाऱ्या लिफ्टवाल्याला फोन लावला. अडकलेली दारं उघडणं हा त्याचा रोजचा धंदा. तो आला, वाकून भोकात पाहिलं, पिशवीतून एक वाकडी सळई काढली. "आतल्यांना सांगा, हवा भरपूर आहे, घाबरायचं नाही," हे त्याने सवयीने म्हटलं, आणि आतल्यांना ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

"सावकाश उघड," औषधवाला त्याच्या कानात म्हणाला. त्याने चार मिनिटांत उघडलं.

बाई बाहेर आल्या त्या प्रसन्न चेहऱ्याने. "मुलगा हुशार आहे," त्यांनी वाघाच्या बायकोला सांगितलं. "फक्त सराव नाही." दुपारचे पेशंट येऊन बसले होते, त्यामुळे मशीन बसवायचं काम दुसऱ्या दिवशी अकरावर गेलं. जाताजाता बाई म्हणाल्या, "मात्र उद्या नक्की. धाकट्या बहिणीचा दर रविवारी फोन असतो. दोन वर्षं मी नुसतं हो हो म्हणतेय. कशाकशाला हो म्हटलंय ते एकदा कळू दे."

संध्याकाळी दवाखाना बंद झाल्यावर चौघांनी ते रेकॉर्डिंग ऐकलं. गिटारच्या खाली वाघाचा आवाज बसवला आणि मध्ये, सगळं थबकतं त्या जागी, बाईंचा एकच 'काय?' ठेवला. पुढचा घाव असा बसला की फरशीवाल्याच्या हातून चहाचा कप निसटला. नऊपैकी एक गाणं झालं होतं आणि ते खरोखर झालं होतं.

मग वाघ उरलेल्या गाण्यांसाठी केबिनमध्ये गेला, दार बाहेरून लावलं गेलं, आणि तो पुन्हा दिलगीर झाला.

"बाई लागणार," औषधवाला म्हणाला.

चौघांनी वाघाच्या बायकोकडे पाहिलं. ती नवीन मशीनची डबी खणात ठेवत होती. "नाही," ती म्हणाली.

"वहिनी, अजून आम्ही काही बोललोसुद्धा नाही."

"उद्या अकराला त्यांना ऐकू येणार."

"फक्त गुरुवारपर्यंत," फरशीवाला अजिजीने म्हणाला. "दोन वर्षं गेलीच आहेत, त्यात दोन दिवस."

"तुमच्या फरशीखाली पाणी शिरलं तर दोन दिवस थांबा म्हणाल का?"

फरशीवाला गप्प झाला. पण तो गप्प झाला की घात होतो हे वाघाला माहीत असायला हवं होतं. मंगळवारी सकाळी दहा वाजता त्याचा फोन आला.

"काळजी सोड," फरशीवाला म्हणाला. "डबी माझ्याकडे आहे. सिमेंटच्या बादलीशेजारी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. गुरुवारी खणामागे सापडेल. तू फक्त बाईंना एक वाजता केबिनमध्ये घेऊन ये."

समोरच्या माणसाचं पूर्ण ऐकून घ्यायचं आणि मग आभार मानायचे, ही सवय वाघाच्या हाडात मुरली होती. त्याने आभार मानले आणि फोन ठेवला.

अकराला दहा कमी असताना तो दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत बसला होता. सहा पेशंट होते. बाई साडेदहापासून आलेल्या, पर्समधून वही काढून बसलेल्या. वहीत त्यांनी बहिणीला विचारायचे प्रश्न लिहिले होते, आकडे घालून. पहिला प्रश्न होता, 'मी नेमकं कशाला हो म्हटलं?' तेरावा होता, 'तुझा खोकला कसा आहे?' आत बायको खण उघडत होती, लावत होती, पुन्हा उघडत होती. मग ती दारात आली. तिचा चेहरा उतरला होता.

"बाई," ती त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली, "मशीन सापडत नाहीये. माझ्याच हातून कुठेतरी गेलं. मी दुसरं मागवते, पण तीन आठवडे लागतील."

बाईंनी वही मिटली. "असू दे," त्या म्हणाल्या. "होतं असं." आणि वही पर्समध्ये ठेवायला लागल्या. चेन लागेना म्हणून पुन्हा काढली, सरळ केली, पुन्हा ठेवली.

वाघ उठला. गप्प राहिलं तर बुधवारपर्यंत आठ गाणी होत होती, तळपट वाचत होतं. एवढा हिशेब त्यालाही येत होता. पण ती चेन लागेना.

"आपल्याला कळवायला खेद होतो," तो म्हणाला, "की आपलं मशीन आम्ही लपवलंय."

"काय?" बाई म्हणाल्या.

"आपलं मशीन आम्ही लपवलंय."

"पोटातून बोल."

वाघाने डोळे मिटले, पाय फाकवले आणि पोटातून सांगितलं. खिडकीच्या काचा वाजल्या. बाहेरच्या खोलीत बसलेल्या सहाही जणांना, ज्यांतल्या कुणालाही दाराची घंटा ऐकू यायची नाही, ते स्वच्छ ऐकू गेलं, आणि दोघांनी तर सवयीने बोटंही वर केली. रस्त्यापलीकडे दुकानात औषधवाल्याने बरणी खाली ठेवली आणि तो कौतुकाने म्हणाला, "काय आवाज लागलाय."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. ते पाहणं इथे लिहिण्यासारखं नाही. "डबी," ती एवढंच म्हणाली. वाघ पळत गेला आणि वीस मिनिटांत, पायजम्यावर सिमेंट घेऊन, डबी घेऊन आला.

मशीन बसवायला अर्धा तास लागला. बायकोने शेवटचं बटण दाबलं तसे बाईंचे डोळे मोठे झाले. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग पर्सची चेन उघडून लावली, उघडून लावली. "ही एवढा आवाज करते?" त्या म्हणाल्या, आणि त्यांचा स्वतःचाच आवाज त्यांच्या कानावर पडला तशा एकदम हळू बोलायला लागल्या. "मी नेहमी अशीच बोलत होते होय? मग कुणी सांगितलं कसं नाही?"

"माफ करा," वाघ दारातून म्हणाला. जेमतेम ओठ हलले.

"ऐकू आलं," बाई म्हणाल्या.

झालं. वाघाला बरं वाटलं आणि त्याच वेळी तळपट संपल्याचंही कळलं. दुपारी एकला तो केबिनमध्ये गेला तो केवळ औषधवाल्याचं मन मोडू नये म्हणून. दाराला लिफ्टवाल्याने लिफ्टचीच एक मूठ तात्पुरती बसवली होती. वाघाने हेडफोन लावले आणि दुसरं गाणं सुरू झालं. भस्मसात झालेल्या जगाची त्याने आस्थेने चौकशी केली. औषधवाल्याने काचेपलीकडे कपाळाला हात लावला.

तेवढ्यात दार उघडलं. बाई आत आल्या, खुर्चीत बसल्या, पर्स मांडीवर घेतली. दार ओढून घेतलं आणि मूठ जागेवर आहे ना ते हलवून पाहिलं.

"बाई, तुम्ही घरी गेला नाहीत?"

"तुझी आठ गाणी राहिलीयेत असं तुझी बायको म्हणाली. अर्धवट गृहपाठ मला चालत नाही." त्यांनी कानामागे हात नेला, मशीनवर बोट दाबल्यासारखं केलं. "हं. बंद केलं. आता मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. काय म्हणत होतास?"

वाघाने सांगितलं.

"काय?"

मंगळवारी पाच गाणी झाली, बुधवारी तीन. भस्मसात जग औषधवाल्याने अखेर काढूनच टाकलं, कारण बाई प्रत्येक ओळीला 'म्हणजे काय?' विचारायच्या आणि वाघाला उत्तर देता यायचं नाही. त्याऐवजी त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची वाघाने दिलेली उत्तरं ठेवली. एक गाणं नुसतं घराचा पत्ता होतं. बुधवारी संध्याकाळी सहाला दहा कमी असताना अल्बम कंपनीकडे गेला. नाव ठेवलं 'काय?'

दहा दिवसांनी तो लोकांपुढे आला आणि लिफ्टवाला ज्याच्यावर दात धरून होता त्याच जुन्या चाहत्याने लिहिलं, की तळपट आपल्या मूळ रूपात परतलं आहे. 'दार अडकलंय' या गाण्यात एकच ओळ आठ वेळा येते, आणि दर वेळी ती माणसाच्या आणखी आतून येते. हा आवाज जगाला शिव्या देत नाही, तो कुणातरी एकाला ऐकू जाण्यासाठी जिवाच्या आकांताने धडपडतो आहे. मधला तो निर्दय 'काय?' म्हणजे तर साक्षात नियतीच. लिफ्टवाल्याने हे वाचून त्या माणसाला मोठ्या मनाने माफ केलं.

त्यापुढच्या शनिवारी भाड्याच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. वाघाने 'दार अडकलंय' म्हटलं आणि समोरच्या चारशे माणसांनी एकदम तर्जन्या वर केल्या आणि विचारलं, "काय?" पहिल्या रांगेत बाई बसल्या होत्या. आजूबाजूच्या सर्वांच्या कानांत वाघाच्या बायकोने दारातच वाटलेले बोळे होते. बाईंनी मात्र ते घेतले नव्हते. मला कशाला, म्हणाल्या. मागच्या रांगेतला एक जण गाणं चालू असताना बोलत होता, त्याच्याकडे त्यांनी वळून फक्त पाहिलं. तो पुढचे दोन तास हाताची घडी घालून उभा होता.

त्यानंतरच्या सोमवारी बाई मशीनच्या पहिल्या तपासणीला आल्या. जेवणाची सुट्टी व्हायची होती. वाघ चहा घेऊन आला होता आणि बायकोच्या खुर्चीमागे उभा होता.

"बहिणीशी बोलणं झालं का?" बायकोने विचारलं.

"झालं. पुढच्या महिन्यात ती माझ्याकडे कायमची राहायला येतेय, दोन मांजरांसकट. मीच हो म्हटलंय. चार वेळा." बाईंनी सुस्कारा सोडला. "खोकला बरा आहे तिचा."

बायकोने मशीन कॉम्प्युटरला जोडलं. पेशंट मशीन खरंच वापरतात की डबीत ठेवून देतात, हे तिला दर वेळी पाहावं लागायचं. त्यासाठी कुठल्या दिवशी ते किती वाजता चालू होतं, किती वाजता बंद झालं, याची नोंद मशीनमध्येच होत असे. पडद्यावर एकेका दिवसाच्या लांब पट्ट्या उमटल्या. बायकोने त्या वरून खाली पाहिल्या, मग पुन्हा वर गेली आणि तिथेच थांबली. वाघ वाकला.

पहिला मंगळवार. सकाळी पावणेबाराला चालू, रात्री दहाला बंद. मध्ये खंड नाही. दुपारी एक ते तीनच्या जागी तर नोंद होती, की आवाज फार मोठा असल्यामुळे मशीनने तो सतत दाबून ठेवला. बुधवारी तसंच. शनिवारी संध्याकाळीही तसंच.

बायकोने मशीन सोडवलं, फडक्याने पुसलं आणि बाईंच्या कानामागे पुन्हा बसवलं. हिरवा दिवा लुकलुकला. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

वाघ त्यांच्या खुर्चीपासून चार पावलांवर उभा होता. तो तक्रार विभागातल्या सर्वांत मऊ आवाजात, जवळजवळ स्वतःशीच म्हणाला, "बाई, तुम्हाला सगळं ऐकू येत होतं."

"काय?" बाई म्हणाल्या, आणि मांडीवरच्या पर्सवर त्यांची तर्जनी आपोआप वर झाली.